जे-पक्ष्यांचे वर्गीकरण : नाव, रूप आणि नाते – एक चिकित्सा

प्रस्तावना

प्राणिशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात वर्गीकरणशास्त्र हा बहुधा पाठांतराचा विषय ठरतो. गण, कुल, वंश, जाती ही उतरंड विद्यार्थी तोंडपाठ करतात. परंतु ती कोणत्या पुराव्यावर रचली गेली, कोणत्या कसोट्यांनी तपासली गेली आणि वेळोवेळी का मोडावी लागली, याची चर्चा वर्गात अभावानेच होते. परिणामी वर्गीकरण म्हणजे निसर्गात आयती सापडणारी यादी होय, असा समज दृढ होतो. या समजाची चिकित्सा करण्यासाठी वनप्रदेशात राहणाऱ्या जे-पक्ष्यांचे उदाहरण अतिशय उद्बोधक आहे.

प्रस्तुत निबंधात जे-पक्ष्यांच्या वर्गीकरणाच्या सुमारे तीनशे वर्षांच्या इतिहासातील काही निवडक प्रसंग तपासले आहेत. नाव, रूप आणि नाते या तीन स्वतंत्र गोष्टी असून, त्यांपैकी एकीलाच दुसरीचा पुरावा मानले गेले तेव्हा वर्गीकरण भरकटले, हे या निबंधाचे मुख्य प्रतिपादन आहे. या चुकीची किंमत ग्रंथापुरती मर्यादित राहत नाही. कोणता पक्षी विपुल मानावयाचा आणि कोणता संकटग्रस्त, याचा निर्णयही बऱ्याच अंशी वर्गीकरणावर अवलंबून असतो.

परिभाषेविषयी एक खुलासा आवश्यक आहे. मराठीत 'प्रजाती' हा शब्द कोठे 'जीनस'साठी, तर कोठे 'स्पीशीज'साठी वापरला जातो. हा घोळ टाळण्यासाठी येथे 'जीनस'साठी वंश, 'स्पीशीज'साठी जाती व 'सबस्पीशीज'साठी उपजाती हे शब्द योजले आहेत. उत्क्रांतीतून सिद्ध होणाऱ्या संबंधाला 'नाते' असे म्हटले आहे.

१. एक नाव, अनेक घराणी

'जे' हे नाव मूलतः युरोपातील ओकवनांत राहणाऱ्या एका पक्ष्याचे. शरीर गुलाबी-तपकिरी, पंखावर निळ्या-काळ्या पट्ट्यांचा छोटा तुकडा, आवाज कर्कश. त्याचे शास्त्रीय नाव गॅरुलस ग्लँडॅरियस असे आहे. पहिला शब्द वाचाळपणाचा, तर दुसरा ओकच्या फळांचा निर्देश करतो. शरद ऋतूत हा पक्षी ओकची हजारो फळे जमिनीत पुरून ठेवतो. त्यांतील विसरलेली वा न खाल्लेली फळे पुढे रुजतात. ओकवनाच्या प्रसाराला त्याचा हातभार लागतो तो असा.

युरोपीय लोक उत्तर अमेरिकेत पोहोचले तेव्हा तेथील निळ्या, तुरेवाल्या, कर्कश पक्ष्यांना त्यांनी मायदेशातील हेच नाव दिले. सैबेरियाच्या सूचिपर्णी वनांतील पक्षी, मध्य आशियाच्या वाळवंटातील जमिनीवर धावणारे पक्षी आणि आग्नेय आशियातील एक तुरेवाला पक्षीही याच नावाखाली आले. नाव पसरले, त्याबरोबर नातेही पसरले, असे गृहीत धरले गेले.

डीएनए-आधारित अभ्यासांनी हे गृहीतक मोडीत काढले. काककुलातील वंशांच्या परस्परसंबंधांचा एक महत्त्वाचा अभ्यास २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार अमेरिकेतील बहुसंख्य जे-पक्षी हे एक स्वतंत्र घराणे ठरतात. युरोप-आशियातील गॅरुलस वंशाचे पक्षी मात्र त्या घराण्यापेक्षा जुन्या जगातील कावळे व मॅगपाय यांच्या अधिक जवळचे आहेत. कॅनडातील जे-पक्षी ज्या पेरिसोरियस वंशात मोडतो, त्याचे उरलेले दोन सदस्य सैबेरियाच्या पट्ट्यात व पश्चिम चीनमध्ये आढळतात. म्हणजे कॅनडाच्या या पक्ष्याचे जवळचे आप्त शेजारच्या निळ्या जे-पक्ष्यात नसून आशियाच्या वनांत आहेत. आग्नेय आशियातील तुरेवाला 'जे' तर काककुलातूनच बाहेर काढला गेला आहे.

सारांश, 'जे' हे कोणत्याही एका घराण्याचे नाव नाही. वनात राहणारा, फळे व बिया साठवणारा, मध्यम आकाराचा आणि गोंगाट करणारा काकसदृश पक्षी, या जीवनशैलीचे ते नाव आहे. व्यवहारात असे नाव उपयुक्त असते. त्याला वर्गीकरणाचा दर्जा दिला की अडचण सुरू होते.

२. रूपसाम्याची साक्ष : दोन विरुद्ध निकाल

नावाच्या आधारे वर्गीकरण कसे चुकते, याचे ठळक उदाहरण भारताशी संबंधित आहे. इंग्रज चित्रकार-निसर्गअभ्यासक एलिझर अल्बिन याने १७३० च्या दशकातील आपल्या पक्षिग्रंथात 'बंगालचा जे' या नावाने एका पक्ष्याचे चित्र प्रसिद्ध केले. हा पक्षी म्हणजे मराठीत नीलपंख, नीळकंठ किंवा चाष या नावांनी परिचित असलेला पक्षी होय. दसऱ्याला त्याचे दर्शन भारताच्या अनेक भागांत शुभ मानले जाते.

कार्ल लिनियस याने १७५८ मध्ये 'सिस्टिमा नॅचुरी'च्या दहाव्या आवृत्तीत अल्बिनच्या आधारे या पक्ष्याला कॉर्व्हस बेंगालेन्सिस असे नाव दिले, म्हणजेच कावळ्याच्या वंशात बसविले. युरोपातील जे-पक्षीही त्याने याच वंशात ठेवला होता. विशेष म्हणजे युरोपातील नीलपंखासाठी लिनियसने त्याच ग्रंथात कोरॅसिआस हा निराळा वंश दिलेला आहे. योग्य घर त्याच ग्रंथात उपलब्ध असूनही भारतीय पक्षी अयोग्य घरात गेला. 'जे' या नावाचा आणि निळ्या पंखांचा प्रभाव त्याला कारणीभूत असावा, हे उघड आहे. पुढे १७६६ च्या बाराव्या आवृत्तीत लिनियसने भारतातील नीलपंखाला कोरॅसिआस वंशातही एक नाव दिले. अशा रीतीने एकच जाती एकाच शास्त्रज्ञाच्या लेखणीतून दोन वंशांत नोंदली गेली.

आज हा पक्षी कोरॅसिआस बेंगालेन्सिस या नावाने ओळखला जातो आणि खंड्या व वेडा राघू यांच्या गणात त्याचे स्थान आहे. पायाच्या बोटांची रचना, झाडाच्या ढोलीतील घरटे आणि पांढरी अंडी ही त्याची लक्षणे जे-पक्ष्यांपेक्षा सर्वस्वी वेगळी आहेत. तरीही भारतातील इंग्रजीत 'ब्लू जे' हे त्याचे नाव दीर्घकाळ रूढ राहिले. पिसांतील निळा रंग बहुधा रंगद्रव्यातून येत नाही. पिसाच्या सूक्ष्म रचनेतून प्रकाशाचे विकिरण होऊन तो दिसतो. अशी रचना परस्परांशी दूरचे नाते असलेल्या पक्ष्यांत स्वतंत्रपणे निर्माण झालेली आहे. म्हणून निळेपणा ही नात्याची अत्यंत दुबळी साक्ष ठरते.

याच काळातील दुसरे उदाहरण मात्र नेमका उलट निकाल देते. बेरिंगच्या मोहिमेतील निसर्गअभ्यासक गेओर्ग स्टेलर १७४१ मध्ये अलास्कानजीकच्या कायाक बेटावर अवघ्या काही तासांसाठी उतरला. तेथे मिळालेला एक निळा, तुरेवाला पक्षी पाहून त्याला अमेरिकेतील निळ्या जे-पक्ष्याचे पूर्वी ग्रंथात पाहिलेले चित्र आठवले. त्यावरून आपण अमेरिकेला पोहोचलो आहोत, असे अनुमान त्याने काढले. ते अचूक ठरले. १७८८ मध्ये या पक्ष्याला स्टेलरचेच नाव देण्यात आले. आज तो आणि निळा जे हे दोघेही सायनोसिटा या एकाच वंशात आहेत.

दोन्ही प्रसंगांत पद्धत एकच होती : रंगरूपाचे साम्य पाहावयाचे आणि त्यावरून अनुमान करावयाचे. स्टेलरचे अनुमान खरे ठरले, 'बंगालचा जे' खोटा ठरला. म्हणजेच रूपसाम्याची पद्धत केव्हा सत्य सांगते आणि केव्हा फसवते, हे तिचे तिलाच ठरविता येत नाही. शरीररचना, घरट्याच्या सवयी, आवाज, भौगोलिक प्रसार, अनुवंशद्रव्य यांपैकी कोणत्या तरी स्वतंत्र साक्षीदाराची तिला गरज भासते. वर्गीकरणाच्या अध्यापनात हा मुद्दा केंद्रस्थानी असावयास हवा.

३. ह्यूमचा 'भू-जे'

ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांचे नाव भारतात १८८५ च्या राष्ट्रीय सभेच्या स्थापनेशी निगडित आहे. तत्पूर्वी ते भारतीय पक्षिशास्त्रातील अग्रगण्य संग्राहक होते. १८७१ मध्ये त्यांनी तिबेटच्या पठारी प्रदेशातील एका लहान, जमिनीवर उड्या मारणाऱ्या, बाकदार चोचीच्या पक्ष्याचे वर्णन केले आणि मध्य आशियातील भू-जे पक्ष्यांच्या पोडोसिस वंशात त्याला ठेवले. ह्यूम यांचे निरीक्षण सदोष नव्हते. चोचीची ठेवण, जमिनीवरील वावर आणि अधिवास या तिन्ही बाबतींत साम्य होतेच.

१९०२ मध्ये या पक्ष्यासाठी स्यूडोपोडोसिस, म्हणजे 'मिथ्या पोडोसिस', असा स्वतंत्र वंश करण्यात आला. तरी काककुलातील त्याचे स्थान कायम राहिले. १९७८ मध्ये शरीररचनेच्या आधारे या स्थानाला आव्हान दिले गेले. अखेर २००३ मध्ये अस्थिरचना आणि डीएनए या दोन्ही पुराव्यांवरून हा पक्षी वल्गुलीच्या कुलातील, म्हणजे इंग्रजीत 'टिट' म्हटल्या जाणाऱ्या छोट्या झाडवासी पक्ष्यांच्या कुलातील असल्याचे दाखविण्यात आले. झाडे सोडून उघड्या पठारावर जीवन जगू लागलेल्या या पक्ष्याने भू-जे पक्ष्यांसारखे रूप धारण केले होते.

या प्रसंगातून निघणारा निष्कर्ष पहिल्यापेक्षा सूक्ष्म आहे. नीलपंखाच्या बाबतीत साम्य वरवरचे होते. ह्यूम यांच्या पक्ष्यात ते खोलवरचे होते. कारण सारख्या अधिवासाने सारखे अवयव घडविले होते. अधिवासाशी ज्या अवयवाचा जितका निकट संबंध, तितकी त्याची नात्याविषयीची साक्ष संशयास्पद, असे सूत्र येथून मांडता येते. पुढील विवेचनात हे सूत्र पुन्हा उपयोगी पडेल.

४. जातीची कसोटी कोणती?

कुल व वंश यांच्या पातळीवरील चुका डीएनए-आधारित अभ्यासांनी बऱ्याच अंशी दुरुस्त केल्या. जातीच्या पातळीवर मात्र वाद आजही तीव्र आहे. कारण तेथे पुराव्याइतकाच व्याख्येचाही प्रश्न उपस्थित होतो. अर्न्स्ट मायर यांनी १९४२ मध्ये मांडलेल्या जैविक संकल्पनेनुसार, परस्परांत प्रजनन करणाऱ्या आणि इतरांपासून प्रजननदृष्ट्या अलग असणाऱ्या समूहांना जाती म्हणावयाचे. १९८० च्या दशकात पुढे आलेल्या वंशविकासात्मक संकल्पनेनुसार, स्वतंत्र इतिहास असलेला आणि निश्चित लक्षणांनी ओळखता येणारा लहानात लहान समूह ही जाती.

हिमालयात ही कसोटी सोपी आहे. पश्चिम हिमालयातील ओकच्या वनांत काळ्या डोक्याचा जे आणि साध्या डोक्याचा जे हे दोन्ही पक्षी आढळतात. एकाच पट्ट्यात राहूनही ते आपापले स्वरूप राखून आहेत. ते दोन निराळ्या जाती आहेत, हा निकाल येथे निसर्गानेच दिला आहे. परंतु जे समूह एकमेकांपासून दूर राहतात, त्यांच्याबाबत असा निकाल मिळत नाही. तेथे अभ्यासकाला अनुमान करावे लागते.

अमेरिकेतील ॲफेलोकोमा वंशाचे झुडपी वनांतील जे-पक्षी हे या अनुमानाचे उत्तम उदाहरण आहे. फ्लोरिडातील पक्षी, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यालगतचे पक्षी, सांताक्रूझ बेटावरील पक्षी आणि अंतर्भागातील कोरड्या पहाडी वनांतील पक्षी अशी त्यांची ढोबळ विभागणी होते. एकोणिसाव्या शतकात त्यांना वेगवेगळी नावे मिळाली. विसाव्या शतकाच्या मध्यास ते सारे एका जातीत सामावले गेले. १९९५ मध्ये अमेरिकी पक्षिशास्त्रज्ञांच्या संघटनेने तीन जाती मान्य केल्या : फ्लोरिडाची, बेटावरची आणि पश्चिमेची. २०१६ मध्ये पश्चिमेच्या जातीचीही दोन जातींत विभागणी झाली.

पक्षी तेच राहिले. यादी मात्र बदलत गेली. यावरून वर्गीकरण स्वैर आहे, असा निष्कर्ष काढणे योग्य होणार नाही. १९५१ मध्ये फ्रँक पिटेल्का यांनी या वंशाचा विस्तृत अभ्यास केला तेव्हा प्रामुख्याने संग्रहालयांतील नमुन्यांवर भिस्त होती. २०१६ च्या निर्णयामागे पश्चिम नेवाडातील संपर्कक्षेत्राचा अनुवांशिक अभ्यास होता. तेथे दोन्ही समूहांचा संकर होतो. परंतु संकराचा पट्टा अरुंद आहे आणि मिश्रण दूरवर पसरत नाही. पुरावा बदलला म्हणून निकाल बदलला.

संकराच्या साक्षीलाही मर्यादा आहेत. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात टेक्सासमध्ये निळा जे आणि हिरवा जे यांचा रानातील संकरित पक्षी नोंदला गेला. हे दोन्ही पक्षी निराळ्या वंशांतील असून त्यांची घराणी सुमारे ७० लक्ष वर्षांपूर्वी विलग झाली असावीत. एका संकरावरून हे दोन वंश एक करावेत, असे कोणी म्हणणार नाही. संकर घडतो का, यापेक्षा त्यामुळे समूहांतील भेद पुसला जातो का, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे.

५. चोचीची साक्ष आणि तिची उलटतपासणी

कॅलिफोर्नियाचा जे आणि अंतर्भागातील जे यांच्यातील भेदाची चर्चा करताना चोचीचा उल्लेख हमखास येतो. ओकची फळे फोडणाऱ्या किनारी पक्ष्यांची चोच भक्कम व टोकाशी बाकदार असते. पिन्यॉन पाइनच्या शंकूंतून बिया काढणाऱ्या अंतर्भागातील पक्ष्यांची चोच बारीक व टोकदार असते. वरवर पाहता हा जातिभेदाचा स्पष्ट पुरावा वाटतो.

सांताक्रूझ बेटावरील संशोधनाने या पुराव्याची उलटतपासणी केली. हे बेट सुमारे २५० चौरस किलोमीटरचे असून तेथील जे-पक्षी जगात अन्यत्र कोठेही आढळत नाहीत. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार, या एकाच बेटावर पाइनच्या वनांतील पक्ष्यांच्या चोची अधिक लांब व बारीक, तर ओकच्या वनांतील पक्ष्यांच्या चोची आखूड व जाड आहेत. खंडभूमीवर दोन जातींत दिसणारा भेद येथे एका जातीच्या आत, काही किलोमीटरच्या अंतरावर दिसतो.

ह्यूम यांच्या पक्ष्यावरून मांडलेले सूत्र येथे पुन्हा प्रत्ययास येते. चोच ही आहाराची साक्ष चोख देते. नात्याची साक्ष देताना तिला आधाराची गरज असते. कॅलिफोर्नियाचा जे स्वतंत्र जाती मानण्याचा निर्णय केवळ चोचीवर उभा असता तर तो टिकला नसता. संपर्कक्षेत्रातील अनुवांशिक पुराव्यामुळे तो टिकतो.

६. वर्गीकरण आणि संरक्षण

वर्गीकरणाचा वाद हा तज्ज्ञांचा अंतर्गत मामला आहे, असे मानण्याकडे कल असतो. संरक्षणाच्या प्रश्नाने हा समज खोडून निघतो. फ्लोरिडातील जे-पक्षी जुन्या वालुकामय टेकड्यांवरील खुरट्या ओकच्या झुडपांत राहतो. हे अधिवास अधूनमधून लागणाऱ्या वणव्यांमुळे टिकतात. फळबागा, घरबांधणी आणि वणव्यांचे नियंत्रण यांमुळे ते झपाट्याने घटले. १९६९ पासून ग्लेन वुल्फेन्डेन आणि पुढे जॉन फिट्झपॅट्रिक यांनी आर्चबोल्ड जीवशास्त्रीय केंद्रात या पक्ष्याचा प्रदीर्घ अभ्यास केला. मोठी झालेली पिले लगेच स्वतंत्र न होता पालकांना पुढील पिलांच्या संगोपनात साहाय्य करतात, हे त्यातून तपशीलाने पुढे आले. ही कुटुंबे आपला परिसर सहजासहजी सोडत नाहीत. अधिवास गेला की कुटुंबही जाते.

१९८७ मध्ये या पक्ष्याला अमेरिकेच्या संघीय कायद्याखाली संरक्षण मिळाले. त्या वेळी तो स्वतंत्र जाती मानला जात नव्हता. पश्चिमेकडील विपुल पक्ष्यांचीच ती एक उपजाती होती. संबंधित कायदा उपजातींनाही संरक्षण देतो, म्हणून हे शक्य झाले. 'जातीचा दर्जा मिळाल्याखेरीज संरक्षण नाही' या युक्तिवादाचे हे सबळ खंडन आहे. संरक्षणासाठी याद्या फुगविण्याची गरज नसते. कायद्याची रचना समंजस असावी लागते.

तथापि नाण्याची दुसरी बाजूही आहे. जागतिक संकटग्रस्ततेचे मूल्यमापन प्रामुख्याने जातीच्या पातळीवर होते. हिमालयातील साध्या डोक्याचा जे हा युरोपातील पक्ष्याचीच उपजाती मानला, तर त्याचा प्रसार अटलांटिकपासून जपानपर्यंत ठरतो आणि चिंतेचे कारण उरत नाही. २०१६ मध्ये बर्डलाइफ संस्थेच्या सहकार्याने प्रसिद्ध झालेल्या सचित्र यादीने रूप, आवाज इत्यादींतील भेदांना गुण देण्याची पद्धत वापरून त्याला स्वतंत्र जाती मानले. त्या वेळी इतर प्रमुख याद्यांनी तसे केले नाही. स्वतंत्र जाती मानल्यास हिमालयातील वनांची, पर्यायाने भारताची, या पक्ष्याविषयीची जबाबदारी कितीतरी वाढते.

येथे दोन्ही टोके टाळावी लागतात. जातींची संख्या वाढविण्याच्या प्रवृत्तीवर २००४ पासून 'वर्गीकरणाची फुगवट' अशी टीका होत आहे आणि ती सर्वस्वी निराधार नाही. गुणांकनाची पद्धत पारदर्शक असली, तरी गुणांची सीमारेषा शेवटी माणसानेच आखलेली असते. दुसरीकडे, पुरावा अपुरा असताना सारे पक्षी एकाच जातीत ठेवणे हीदेखील तटस्थता नव्हे. तोही एक निर्णयच असतो, आणि त्याची किंमत स्थानिक समूहांना मोजावी लागते.

समारोप

जे-पक्ष्यांच्या वर्गीकरणाच्या या चिकित्सेतून पुढील निष्कर्ष निघतात :

१) 'जे' हे जीवनशैलीचे नाव असून ते एका घराण्याचे नाव नाही. लोकव्यवहारातील नावांचा आदर राखूनही त्यांना वर्गीकरणाचा पुरावा मानता येत नाही.

२) रूपसाम्य हे अनुमानाचे साधन आहे. स्वतंत्र पुराव्याच्या जोडीनेच त्याला प्रमाण मानावे. अधिवासाशी निगडित असलेल्या चोचीसारख्या अवयवांबाबत ही दक्षता अधिक आवश्यक ठरते.

३) जातीच्या सीमा ठरविताना पुराव्याइतकीच व्याख्याही निर्णायक असते. म्हणून प्रत्येक यादीने आपली कसोटी स्पष्टपणे नमूद करावी आणि वाचकाने ती तपासावी.

४) संरक्षणाचे धोरण जातींच्या यादीवरच विसंबून राहू नये. उपजाती व स्थानिक समूह यांनाही त्यात स्थान असावे.

महाविद्यालयीन अध्यापनाच्या दृष्टीने यांतील तिसरा निष्कर्ष सर्वांत महत्त्वाचा वाटतो. विद्यार्थ्याने नीलपंखाचे शास्त्रीय नाव सांगावे, ही अपेक्षा रास्तच आहे. तो पक्षी एके काळी कावळ्याच्या वंशात का गेला आणि तेथून बाहेर का आला, हेही त्याला सांगता आले, तर वर्गीकरण हा पाठांतराचा विषय न राहता विचाराचा विषय होईल. महाराष्ट्राच्या माळरानावर विजेच्या तारेवर बसलेला नीलपंख आणि झाडाझुडपांतून ओरडत जाणारा टकाचोर हे दोन्ही पक्षी महाविद्यालयाच्या आवारापासून फार दूर नसतात. त्यांपैकी जे-पक्ष्यांच्या कुलातला कोण, असा प्रश्न विचारल्यास निळा रंग पाहून पुष्कळांचे बोट नीलपंखाकडे जाईल. योग्य उत्तर टकाचोर हे आहे. ते का योग्य आहे, याचे विवेचन म्हणजेच वर्गीकरणशास्त्राचा पहिला पाठ होय.